आधी यादी करा, प्लॉटला हात लावू नका

प्रश्न: कराड तालुक्यात माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद करावं लागलं. बँकेचं पर्सनल लोन 6 लाख 20 हजार, दोन क्रेडिट कार्डांचे 2 लाख 40 हजार, पतसंस्थेचे 3 लाख 10 हजार, नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले 1 लाख 80 हजार आणि गावातल्या एका सावकाराचे दीड लाख रुपये देणं आहे. सावकार महिना शेकडा पाच टक्के घेतो, माझे तीन कोरे चेक त्याच्याकडे आहेत. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळवलाय. तिथे माझा मेहुणा जामीनदार आहे. मी सध्या एका दुकानात 19 हजारांवर नोकरी करतो. राहतं घर वडिलांच्या नावावर आहे, माझ्या नावावर फक्त दोन गुंठे एनए प्लॉट, किंमत अंदाजे पाच लाख. स्कूटरचे हप्ते चालू आहेत. एक एजंट म्हणतो, चाळीस हजार द्या, पुण्याच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दिवाळखोरी जाहीर करून देतो, सगळी कर्जं माफ. अर्जाआधी प्लॉट भावाच्या नावावर करून ठेवा, असंही तोच सांगतो. काय करू?

उत्तर: प्लॉटचं आधी बोलू, कारण बाकी चुका मागाहून दुरुस्त होतात, ही होत नाही. भावाच्या नावे बक्षीसपत्र किंवा नावापुरतं खरेदीखत करू नका. मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज दाखल झाला, आणि त्यावर तुम्ही नादार ठरलात, तर 1920 च्या नादारी कायद्याच्या कलम 53 खाली न्यायालय ते रद्द ठरवू शकतं. म्हणजे प्लॉट परत येतो, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी जाते, आणि भाऊही कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतो. वर मालमत्ता दडवली म्हणून कलम 69 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शेवटची मुक्तता, म्हणजे उरलेल्या देण्यांतून सुटका, मागायला जाल तेव्हा हाच मुद्दा पहिला उपस्थित होईल. कागद झाला असेल तर वकिलाला आजच सांगा.

आता एजंट सांगतो ते डीआरटीचं प्रकरण. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यात कर्जवसुली न्यायाधिकरणाचं नाव आहे, हे खरं. पण तो भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांनाच लागू झाला आहे. तुम्ही कुठल्या कंपनीच्या कर्जाला जामीन नाही. नेटवर ज्याचं कौतुक वाचायला मिळतं ती 'फ्रेश स्टार्ट' योजना त्याच संहितेत आहे. तीही चालू झालेली नाही, आणि झाली असती तरी 35 हजारांपर्यंतच्या कर्जासाठी होती. तुमच्यासारख्या दुकानदाराला, नोकरदाराला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. वकील त्याला प्रॉव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अॅक्ट म्हणतात. अर्ज जातो जिल्हा न्यायालयात, किंवा ज्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाला हे अधिकार दिलेले आहेत तिथे. तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या भागाचं न्यायालय हवं. कराडमधून अर्ज कुठे दाखल होतो ते तिथल्या दिवाणी वकिलाला विचारा. (मुंबई शहरातल्या वाचकांसाठी 1909 चा वेगळा कायदा आहे. त्यांचा अर्ज उच्च न्यायालयात जातो आणि मालमत्ता ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे.) चाळीस हजार देऊन चुकीच्या दारात उभं राहण्यापेक्षा तेच पैसे वकिलाच्या फीला आणि नोटिसांच्या खर्चाला ठेवा. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर तिथून वकील मिळतो.

अर्ज करायला तुम्ही पात्र आहात का? कलम 10 च्या अटी सोप्या आहेत. देणी फेडण्याची ऐपत नसावी, आणि देणी किमान 500 रुपयांची असावीत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात तुम्ही अटकेत असावं, किंवा मालमत्तेवर जप्ती असावी. 500 चा आकडा 1920 चा आहे, तो तसाच राहिलाय. खरा प्रश्न ऐपतीचा. सुनावणीत बँकेचा वकील विचारणारच, पगार चालू आहे, मग असमर्थ कसे? त्याला उत्तर भावनेने देऊ नका, कागदाने द्या. पगारपत्रकं, बँकेचे उतारे, शाळेची फी, औषधं, किराणा यांचा महिन्याचा हिशेब मांडा. समजा घरखर्च साडेपंधरा हजार आहे, उरले साडेतीन हजार. पंधरा लाखांचं नुसतं मुद्दल त्यातून फेडायला जवळपास 36 वर्षं लागतात, व्याज वेगळंच. कायद्याला या टप्प्यावर प्रथमदर्शनी पुरावा पुरतो.

सगळा जोर लावायचा तो यादीवर. कलम 13 अर्जात काय हवं ते सांगतं: प्रत्येक धनकोचं (ज्याचं देणं आहे त्याचं) नाव, पत्ता, रक्कम आणि तपशील, तुमची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते, अटक किंवा जप्तीचा हुकूम असल्यास कोणत्या न्यायालयाचा, पूर्वी असा अर्ज केला होता का, आणि जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून बाकी सगळं न्यायालयाच्या हवाली करायची तयारी असल्याचं निवेदन. दाव्याच्या वादपत्रासारखं याचंही सत्यापन करावं लागतं. एकदा दाखल झालेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, म्हणून घाईने दाखल करू नका.

कागद जमवायला किमान दोन-तीन आठवडे धरा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, चारही काढा. विसरलेलं कार्ड, बंद झालंय असं वाटणारं अॅपवरचं कर्ज तिथे सापडतं. पतसंस्थेच्या कर्जाबाबत मात्र त्या अहवालावर विसंबू नका, संस्थेकडून खातेउतारा लेखी मागा आणि 101 च्या दाखल्याची प्रत घ्या. प्लॉटचा ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून 'इतर हक्क' रकान्यात पतसंस्थेचा बोजा किंवा जप्तीची नोंद चढलीय का ते पाहा. चढली असेल तर अर्जात तसं लिहा.

यादीत लोक काय विसरतात? पहिलं, नातेवाईक. 'मामांचं नाव कोर्टात कशाला' म्हणून ते वगळतात, आणि मग मामांना वाटणीही मिळत नाही आणि अर्जदाराने यादी अपुरी दिली हा ठपकाही बसतो. दुसरं, भिशी. तुम्ही भिशी उचलली असेल तर उरलेले हप्ते हे देणं, उचलली नसेल तर भरलेले पैसे ही मालमत्ता. तिसरं, दुकानाची येणी. उधारी बुडाली असं मनात धरलं तरी उधारीची वही न्यायालयाला द्यावी लागते, आणि हिशेबाच्या वह्या नीट नसणं हे पुढे मुक्तता नाकारायचं एक कारण होतं. चौथं, वडिलोपार्जित हिस्सा. घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल तर ते तुमचं नाही. वडिलोपार्जित असेल तर तुमचा न वाटलेला हिस्सा लिहावाच लागेल.

नादार ठरल्यावर नवीन मिळालेली मालमत्ताही, मुक्तता होईपर्यंत, न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे) जाते. त्या काळात वडिलांचं काही झालं आणि घराचा वाटा तुमच्या नावे आला, तर तो वाटाही जातो. हे वडिलांना आधी सांगायला हवं. त्यांनी स्वकष्टार्जित घराचं मृत्युपत्र कसं करायचं तो त्यांचा अधिकार, सल्लाही त्यांनी स्वतःच्या वकिलाचा घ्यावा.

जात काय नाही, तेही पाहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने जप्तीतून वगळलेल्या गोष्टी इथेही वगळलेल्या असतात: नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे, भविष्य निर्वाह निधी. पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. तुमच्या 19 हजारांचा हिशेब 1,000 अधिक 12,000, म्हणजे 13,000 हात न लावता येण्याजोगे, जप्तीला मोकळे 6,000. बायकोचं स्त्रीधन तिचं आहे. माहेरच्या पावत्या, लग्नातले फोटो काढून ठेवा, म्हणजे वाद आला तर बोलण्यापेक्षा दाखवता येईल.

अर्ज दाखल झाला की काय होतं याबद्दल मोठा गैरसमज आहे. नुसता अर्ज दिल्याने वसुली आपोआप थांबत नाही. न्यायालय अर्ज दाखल करून घेऊन तारीख देतं, धनकोंना नोटिसा जातात, गरज वाटल्यास हंगामी रिसीव्हर नेमला जातो. या मधल्या काळात एखाद्या दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी चाललेल्या प्रकरणात) मालमत्तेची विक्री निघाली असेल, तर अर्ज दाखल करून घेतल्याची सूचना त्या न्यायालयाला विक्रीआधी गेली पाहिजे. मग कलम 52 प्रमाणे त्याच्या ताब्यातली मालमत्ता रिसीव्हरकडे वळते. वकिलाला सांगून ही सूचना लेखी द्या आणि पोचवल्याचा शिक्का घ्या. सुनावणीनंतर न्यायालय तुम्हाला नादार ठरवतं, तो खरा टप्पा. तिथून धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुमच्या मालमत्तेवर जाता येत नाही, नवा दावा लावता येत नाही. आदेश राजपत्रात छापून येतो, म्हणजे गाव वाचणार हे गृहीत धरा. अटकेची भीती असेल तर कलम 31 खाली संरक्षणाचा अर्ज वेगळा करावा लागतो.

सगळ्यांत जास्त प्रकरणं इथून पुढे बिघडतात. नादार ठरणं वेगळं, मुक्तता वेगळी. नादार ठरवताना न्यायालय एक मुदत देतं आणि तिच्या आत तुम्ही स्वतः मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. लोकांना वाटतं, निकाल लागला, सुटलो. मुदत टळते, आणि कलम 43 खाली नादारीचा आदेशच रद्द होतो. कर्जं होती तिथे, प्लॉट बहुधा गेलेला, आणि पुन्हा अर्ज करायचा तर न्यायालयाची परवानगी. ती तारीख कॅलेंडरवर, फोनमध्ये आणि वकिलाच्या डायरीत, तिन्ही ठिकाणी लिहा.

मुक्तताही सरसकट मिळत नाही. कलम 42 म्हणतं, मालमत्तेतून बिनतारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणे निघत नसतील तर पूर्ण मुक्तता द्यायची नाही, मात्र तशी वेळ तुमच्या दोषाशिवाय आली हे पटवलं तर सूट आहे. तुमची देणी 15 लाख, आठ आण्यांच्या हिशेबाने साडेसात लाख हवेत, प्लॉट पाचचा. म्हणजे दुकान का बुडालं याचा पुरावा हाच तुमच्या प्रकरणाचा कणा: भाडेकरार, घाऊक व्यापाऱ्यांची बिलं, जीएसटी विवरणपत्रांत दरमहा घटत गेलेली विक्री, आजारपण असेल तर दवाखान्याची कागदपत्रं. पूर्ण नाही मिळाली तरी न्यायालय काही काळ पुढे ढकललेली किंवा पुढच्या कमाईतून अमुक भरण्याच्या अटीवर मुक्तता देऊ शकतं.

मुक्ततेनंतरही काही देणी तशीच राहतात. सरकारी देणं सुटत नाही, फसवणुकीतून झालेलं सुटत नाही, पोटगी सुटत नाही. तारण घेतलेला धनको आपलं तारण विकू शकतो, म्हणून स्कूटरचे हप्ते थकले तर कंपनी स्कूटर नेणारच. चेक न वटल्याच्या कलम 138 च्या खटल्याला नादारीचं कवच नाही, तो फौजदारी आहे. समन्स आलं तर हजर राहा, गैरहजेरीने वॉरंट निघतं. आणि जामीनदार सुटत नाही. मेहुण्याला हे दुसऱ्याकडून कळण्याआधी तुम्ही सांगा. पतसंस्था उद्या त्याच्या पगाराला हात घालेल. 101 च्या दाखल्याला आव्हान द्यायचं असेल तर त्यालाही स्वतःचा वकील आणि मुदती पाहाव्या लागतील.

सावकाराचं वेगळं बघा. त्याला परवाना आहे का हा पहिला प्रश्न. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि महिना पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के हा दर परवानाधारकालाही लावता येत नाही. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार द्या. रक्कम कधी घेतली, किती परत केली, कोरे चेक कोणत्या क्रमांकाचे, सगळं लिहा. यूपीआयने दिलेलं व्याज बँकेच्या उताऱ्यात असतं, ते लाल पेनाने अधोरेखित करून जोडा. तरी नादारीच्या यादीत त्याचं नाव घाला, पुढे 'रक्कम विवादित' असा शेरा लिहा. तक्रार केली म्हणून यादीतून गाळलं, असं करू नका.

अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत कुणा एकालाच झुकतं माप देऊन पैसे देऊ नका. मामांचे आधी फेडू, ही भावना समजते. पण अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांतलं असं पक्षपाती देणं कलम 54 खाली उलटवता येतं, आणि मामांनाच पैसे परत द्यावे लागतात.

इतकं सगळं मांडल्यावर आमचं मत सांगतो. तुमच्या हातात पाच लाखांचा प्लॉट आहे, म्हणून थेट नादारीपेक्षा आधी तडजोडीचा एक खरा प्रयत्न करा. बँक आणि कार्डवाले थकीत खात्यावर एकरकमी तडजोड करतात, लोकअदालतीत तर त्यांचा अधिकारी त्यासाठीच बसतो. आकडा तोंडी मान्य करू नका. तडजोडीचं पत्र हातात, त्यात 'पूर्ण व अंतिम' हे शब्द आणि भरायची शेवटची तारीख, मगच पैसे. सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडेल, पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जाईल. प्लॉट विकायचाच झाला तर त्रयस्थाला, बाजारभावाने, नोंदणीकृत खताने आणि पूर्ण रक्कम बँकेतून घेऊन विका. आलेले पैसे कुणाला किती, हे वकिलाशी बोलून सगळ्यांना प्रमाणात ठरवा. जमलं नाही तर नादारीच्या अर्जातही कलम 38 खाली तडजोडीचा प्रस्ताव देता येतो. तो मान्य व्हायला हजर असलेल्या धनकोंपैकी संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश बाजूला हवेत. मुक्तता अडवणारं एखादं कारण सिद्ध झालं असेल, तर प्रस्तावात रुपयामागे किमान सहा आण्यांची हमी लागते, तुमच्या बाबतीत 5 लाख 62 हजार 500. प्लॉटच्या किमतीपासून हा आकडा फार लांब नाही. घरातून साठ-पासष्ट हजारांची मदत उभी राहिली तर बोलणी होऊ शकतात.

मुक्तता होईपर्यंतचं जगणं कसं असेल? नादार आहे हे न सांगता कुणाकडून 50 रुपयांची उधारी घेतली तरी कलम 72 खाली गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. (पन्नास रुपये! आज वाण्याकडची अर्धी यादी यात बसत नाही, पण आकडा बदललेला नाही. उधारीची वही बंद करा, रोखीने घ्या.) ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. कंपनीचं संचालकपद तर नादारीचा अर्ज प्रलंबित असतानाही घेता येत नाही. तुमच्या खासगी नोकरीवर कायद्याने गदा येत नाही, मात्र रोकड सांभाळायचं काम असेल तर मालकाला राजपत्रातून कळण्याआधी तुम्ही सांगितलेलं बरं.

वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते सकाळी 8 ते संध्याकाळी 7 मध्येच यायला हवेत, आणि शेजारी-नातेवाइकांना त्रास देता येत नाही. आधी बँकेला लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी 14448 हा क्रमांक.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण दुकानाचा जीएसटी क्रमांक रद्द केला होता का? नसेल तर विवरणपत्रं थकत आहेत आणि विलंब शुल्क साठतंय, आणि ते सरकारी देणं म्हणून मुक्ततेनंतरही तुमच्या मागे राहील. आधी थकीत शून्य विवरणपत्रं भरा, रद्द करण्याचा अर्ज करा, आणि आदेश आल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10 हे अखेरचं विवरणपत्र भरा. ते राहून गेल्याची नोटीस सहसा दुकानाच्या जुन्या पत्त्यावर किंवा बंद पडलेल्या ईमेलवर जाते, तेव्हा पोर्टलवर जाऊन स्वतः तपासा.